मुक्तस्रोत प्रकल्पांतील लोकसहभाग

ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वितरित करता येतो, त्याच्या घडणीत मूळ चमूबाहेरच्या लोकांना सामील करून घेण्याच्या पद्धतींचा विचार या नोंदीत केला आहे. खुला परवाना केवळ मुभा देतो. निमंत्रण मात्र प्रकल्प सांभाळणाऱ्यांनाच द्यावे लागते. १९९१ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली घोषणा करताना तिचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी लोकांना कोणत्या सुविधा हव्या आहेत, अशी विचारणा केली होती. संकेतस्थळांची पाने ब्राउझरपर्यंत पोहोचवणारा अपाची वेब सर्व्हर तर १९९५ मध्ये, एनसीएसए या अमेरिकी संशोधन केंद्राच्या सर्व्हरचे काम थंडावल्यावर, तो वापरणाऱ्यांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र आणल्यामुळेच उभा राहिला.

नवख्याची खरी अडचण पहिल्या पायरीवर असते. प्रोग्रॅम आपल्या संगणकावर बिल्ड कसा करावा (म्हणजे सोर्स कोडपासून चालू शकेल असा कसा तयार करावा), चाचण्या कशा चालवाव्यात, बदल कोणत्या स्वरूपात पाठवावा, हे ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवण्याचा प्रघात त्यासाठीच पडला. सोप्या कामांवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ (पहिल्या योगदानासाठी योग्य काम) असे लेबलही लावतात. तथापि, उत्तम मार्गदर्शिकेपेक्षाही पहिल्या पुल रिक्वेस्टला, म्हणजे आपला बदल स्वीकारावा या विनंतीला, वेळेवर मिळालेले उत्तर अधिक मोलाचे ठरते. बदल नाकारायचा असला तरी कारण सांगून नाकारल्यास पाठवणारा काही शिकतो आणि पुन्हा येण्याची शक्यता राहते. आठवडेच्या आठवडे मौन पाळल्यास तो बहुधा परतत नाही. अर्थात, आलेल्या बदलांचे परीक्षण अनेकदा मोजकेच लोक फावल्या वेळात करतात, त्यामुळे परीक्षकांची संख्या वाढवणे हाही प्रोत्साहनाचाच भाग मानायला हवा.

२००५ मध्ये सुरू झालेल्या ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमात मुक्तस्रोत प्रकल्पांत काम करणाऱ्या नवख्यांना मानधनाबरोबर मार्गदर्शकही मिळतो. निव्वळ बक्षिसाचा परिणाम वेगळा होऊ शकतो : २०२० च्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ या ऑक्टोबरमधील योगदान-उपक्रमात बक्षिसाच्या टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टचा एवढा पूर आला की, स्वतःहून सहभागी झालेल्या प्रकल्पांतीलच योगदान मोजण्याचा नियम उपक्रम चालू असतानाच करावा लागला.

योगदान म्हणजे केवळ कोड नव्हे. दस्तऐवजीकरण, भाषांतर, त्रुटींच्या नोंदींची छाननी ही कामे प्रकल्प वापरण्याजोगा ठेवतात, तरी त्यांचे श्रेय अनेकदा नोंदवले जात नाही. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकल्पांत सातत्याने काम करणाऱ्याला, मग ते काम कोडखेरीज अन्य स्वरूपाचे असले तरी, ‘कमिटर’ म्हणून निवडता येते आणि थेट बदल करण्याचा अधिकार त्याच्या हाती येतो.