पीसीओएस, वजन आणि रोजचे ताट : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कोल्हापुरातील राजारामपुरीच्या आमच्या आहारसल्ला केंद्रात पीसीओएसचे (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) निदान घेऊन येणाऱ्या बहुतेक भगिनींचा पहिला प्रश्न ‘किती दिवसांत किती किलो उतरेल?’ असा असतो, आणि आम्ही त्यावर उलट विचारतो की गेल्या सहा महिन्यांत पाळी किती वेळा आली. काहीजणींना हे रुचत नाही, कारण त्या वजनासाठी आलेल्या असतात. पण वजनकाट्यावरचा आकडा हा या विकाराच्या मोजमापांपैकी केवळ एक आहे, आणि आमच्या अनुभवात तो बहुधा सर्वांत उशिरा हलतो. हे पत्रक आपल्यासाठी आहेच, पण आपल्यासोबत बाकावर बसून राहणाऱ्या आई, सासूबाई आणि यजमान यांनीही ते वाचावे, कारण ताटात काय पडते हे अनेक घरांत त्यांच्याच हाती असते.

नावातला घोटाळा

अमेरिकेतील शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली या विकाराचे वर्णन केले आणि अंडाशयातील ‘सिस्ट’ (द्रवाने भरलेली गाठ) या शब्दाने तेव्हापासून अनेकींना घाबरवून सोडले आहे. सोनोग्राफीत दिसणारे ते ठिपके म्हणजे कापून काढायच्या गाठी नव्हेत. प्रत्येक ठिपका म्हणजे सुमारे २ ते ९ मिलिमीटरची एक बीजपुटिका असते, जिच्यातील स्त्रीबीज पूर्ण वाढण्याआधीच अर्ध्या वाटेवर थांबलेले असते. निदानही केवळ सोनोग्राफीवर होत नाही. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरके वाढल्याची लक्षणे किंवा तसा रक्ताचा अहवाल, आणि अंडाशयाचे तसे चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन (अंगावरचे दूध तयार करणारे संप्रेरक) यांसारखी अन्य कारणे वगळली गेली असतील, तरच डॉक्टर पीसीओएस म्हणतात. पहिली पाळी येऊन आठ वर्षेही झालेली नसतील, तर त्या मुलीच्या बाबतीत सोनोग्राफीचा निकष धरूच नये, असे आजचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. दहावी-बारावीच्या मुलीचा सोनोग्राफीचा कागद हातात घेऊन रडवेल्या झालेल्या आईंना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो. तेव्हा ‘आमच्याच पोरीच्या नशिबी कसे आले?’ या प्रश्नात फारसा अर्थ नाही. आपल्या गल्लीतही आणखी दोघी-तिघी असतील, फक्त त्या बोलत नसतील.

वजन का चिकटते

या विकाराने ग्रस्त असलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरात इन्सुलिनला पेशी नीट दाद देत नाहीत. रक्तातली साखर आत ढकलण्यासाठी मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते आणि हे वाढलेले इन्सुलिन दोन ठिकाणी गोंधळ घालते. अंडाशयाला ते अधिक टेस्टोस्टेरॉन (मुख्य पुरुषी संप्रेरक) तयार करायला लावते, आणि त्या टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृतात तयार होते, त्याचे प्रमाण घटवते. मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढले की हनुवटीवर राठ केस येतात, मुरमे जात नाहीत, भांगाची रेघ रुंदावत जाते आणि स्त्रीबीज पक्व होऊन बाहेर पडत नाही. स्त्रीबीज बाहेर पडले नाही की प्रोजेस्टेरॉन हे पाळीचे चक्र सांभाळणारे संप्रेरक तयार होत नाही आणि पाळी लांबते. पोटाभोवती चरबी वाढली की इन्सुलिनची ही अडचण आणखी वाढते, म्हणजे चाक स्वतःलाच ढकलत राहते. सडपातळ स्त्रियांनाही हा विकार होतो, त्यामुळे ‘खाऊन खाऊन झालंय’ हे घरचे निदान चुकीचे आहेच, शिवाय दुखावणारेही आहे.

मानेवर, काखेत दिसणारी काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा ही याच इन्सुलिनची खूण असते. ती मळ समजून कित्येक मुली वजरीने आणि लिंबाच्या फोडीने मान लाल होईपर्यंत घासतात. कृपया घासू नये. ती खूण आम्हाला वजनकाट्यापेक्षा अधिक सांगून जाते.

किती उतरायला हवे, याचे उत्तर ऐकून अनेकींना दिलासा मिळतो. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली, तरी पुष्कळजणींची पाळी सुधारू लागते आणि साखर, रक्तदाब व चरबीचे अहवालही सुधारतात. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो असेल, तर पाच टक्के म्हणजे ३.६ किलो. लग्नातल्या ब्लाउजमध्ये परत मावण्याइतके वजन उतरवणे हे ध्येय असण्यास आमची हरकत नाही, पण प्रकृतीसाठी ते आवश्यक नाही. काट्यासोबत आम्ही कमरेचे मापही घेतो, कारण भारतीय स्त्रियांच्या बाबतीत ८० सेंटिमीटरच्या पुढची कंबर ही धोक्याची सूचना मानली जाते, आणि काही महिने काटा जागचा न हलता कंबर दोन-तीन सेंटिमीटरने उतरल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

कोल्हापूरचे ताट

पीसीओएससाठी कोणताही एक ठरावीक आहार दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. दूध सोडा, गहू सोडा, भात सोडा अशा याद्या मोबाइलवर फिरत असतात. दुधाची किंवा गव्हाची वेगळी तक्रार नसेल, तर त्या पाळण्याचे कारण नाही. जो आहार आपण तीन वर्षे पाळू शकाल तोच आपला आहार, असे आम्ही मानतो, आणि म्हणून ताटाची सुरुवात आपल्याच स्वयंपाकघरातून करतो. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबिरीचे, पाव ताट डाळ, उसळ, अंडी, मासे किंवा चिकनचे आणि उरलेले पाव ताट भाकरीचे किंवा भाताचे, एवढाच आमचा मूळ हिशेब आहे. जोंधळ्याची भाकरी, मेथी किंवा पोकळ्याची भाजी, हुलग्याची किंवा मटकीची उसळ आणि ताक, हे ताट या हिशेबात विनासायास बसते. त्यासाठी परदेशी बिया विकत आणण्याची गरज पडत नाही.

अडचण बहुधा ताटात नसते, ती कपात असते. आमच्याकडे आलेल्या एका नोकरदार भगिनीने तीन दिवसांची वही प्रामाणिकपणे लिहून आणली होती. जेवण अगदी बेताचे होते, पण दिवसाला पाच कप चहा होता आणि प्रत्येकात दोन चमचे गूळ होता. ‘साखर मी केव्हाच बंद केली आहे,’ असे त्यांनी वहीच्या पहिल्याच पानावर अधोरेखित करून लिहिले होते. आम्ही त्यांच्याच चमच्याने गूळ मोजला, तो दिवसाचा सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १९० कॅलरी भरला. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा अभिमान आम्हालाही आहे, परंतु गूळ ही मुख्यतः साखरच आहे आणि इन्सुलिनला त्या दोघींतला फरक फारसा कळत नाही. गूळ सणाच्या पोळीत असावा, रोजच्या पाच कपांत नसावा.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबद्दल विचारणा झाली नाही असा आठवडा जात नाही. रविवारचे मटण बंद करा, असे आम्ही सांगत नाही. सांगितले तरी कोणी ऐकणार नाही, हे आम्हीही याच गावात राहत असल्याने जाणतो. मटणाच्या तुकड्यांतून प्रथिने मिळतात, ती हवीच आहेत. जपायचे ते तांबड्या रश्श्यावरच्या तवंगाला, पांढऱ्या रश्श्यातल्या नारळ-काजूला आणि वाटीमागून वाटी ओरपताना सोबत जाणाऱ्या भाताला. रस्सा उतरवल्यावर दहा मिनिटे स्थिर ठेवावा, वर आलेला तवंग पळीने काढून घ्यावा, आणि जेवायला बसताना आधी काकडी-कांद्याची कोशिंबीर व तुकडे, मग एक भाकरी, आणि शेवटी वाटला तर थोडा भात, असा क्रम ठेवावा. काढलेल्या तवंगाची एक मोठी पळी म्हणजे सहज शंभरावर कॅलरी होतात, आणि चव मात्र खालच्या रश्श्यातच राहते. मिसळीचेही तसेच आहे. मटकी उत्तम, कट वेगळा मागावा, फरसाण निम्मे करावे आणि ब्रेडची दुसरी जोडी परत पाठवावी.

दूध कट्ट्यावरचे फेसाळ म्हशीचे दूध हे पेय नसून अन्न आहे. २५० मिलिलिटरच्या ग्लासात साधारण २५० कॅलरी असतात, सोबत नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिनेही असतात. ते घ्यायचे असेल तर त्या दिवसाच्या हिशेबात धरावे, आणि साखर घालून घेऊ नये.

नवरात्रातले नऊ दिवसांचे उपवास आपण करत असाल, तर त्यावर टीका करणे हे आमचे काम नाही. मात्र साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे, आणि दोन वेळा खिचडी खाऊन उपवासाच्या दिवसांत वजन वाढलेल्या भगिनी दर ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे येतात. राजगिऱ्याची भाकरी, ताक, दही, थोडे शेंगदाणे, काकडी आणि एखादे उकडलेले रताळे यांवर उपवास अधिक चांगला निभावतो. साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर उपवासापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

आम्ही १२०० कॅलरींपेक्षा कमी आहार कोणालाही लिहून देत नाही, आणि आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा अधिक घट मागणाऱ्यांना नम्रपणे नकार देतो. महिन्यात दहा किलोचे आश्वासन देणाऱ्या पावडरींचे अर्धे रिकामे डबे घेऊन आलेल्या भगिनींचे गेलेले वजन परतही आलेले असते, शिवाय पैसे गेलेले असतात. आमच्याकडे कोणतीही पावडर विक्रीस नाही.

चालणे आणि बैठका

आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम हवा, आणि वजन उतरवायचे असल्यास ती वेळ अडीचशे मिनिटांकडे न्यावी. रंकाळ्याभोवती मैत्रिणीसोबत चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम गतीची सोपी ओळख आहे. (फेरी संपल्यावर चौपाटीवरची भेळ हा त्या फेरीचा भाग नव्हे, एवढे मात्र येथे नोंदवतो.) केवळ चालणे पुरत नाही. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, स्नायूंना जोर लावणारा व्यायाम करावा, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. तालमींच्या या गावात पुरुषांच्या बैठकांचे कौतुक पिढ्यान्‌पिढ्या झाले आहे. घरातल्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे ही त्याच बैठकेची पहिली पायरी आहे आणि ती साडी नेसूनही करता येते.

औषधे आणि डॉक्टर

औषधे सुरू करणे किंवा थांबवणे हे आमचे क्षेत्र नाही, पण त्याविषयीचे गैरसमज आमच्यापर्यंत येतात. मेटफॉर्मिन या इन्सुलिनचा परिणाम सुधारणाऱ्या औषधामुळे सुरुवातीला पोट बिघडू शकते. ते जेवणासोबत घेतल्यास आणि मात्रा हळूहळू वाढवल्यास बहुधा जमते. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. पाळी नियमित करणाऱ्या संप्रेरक गोळ्यांनी वजन हमखास वाढतेच असे नाही, आणि गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण होते. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचा निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा, आणि बाळाचा विचार असल्यास तो त्यांना आधी सांगावा, कारण ती गर्भधारणेच्या काळात चालत नाहीत.

पाळी ९० दिवसांहून अधिक लांबली तर आमच्याकडे न येता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. अस्तर दीर्घकाळ साचून राहणे पुढे गंभीर ठरू शकते, आणि ‘पाळी नाही, तर कटकट नाही’ असे म्हणून थांबणे योग्य नाही. आणखी एक गोष्ट संकोचाने राहून जाते. पाळी येत नाही याचा अर्थ दिवस राहणार नाहीत असा नाही. वजन थोडे उतरताच स्त्रीबीज अचानक बाहेर पडू शकते, म्हणून मूल नको असल्यास साधन वापरावे. मूल हवे असल्यास आधी साखर तपासून घ्यावी आणि फॉलिक अॅसिड सुरू करावे. पीसीओएस असूनही आई झालेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत, काहींना थोडे औषध लागते इतकेच. साखरेसाठी केवळ उपाशीपोटीची तपासणी पुरेशी नसते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी अधिक भरवशाची असते.

या विकारात नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण अधिक आढळते. सतत उदास वाटत असेल, किंवा रात्री मोठ्याने घोरणे आणि दिवसा झोप आवरत नसणे हा त्रास असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. लग्नकार्यात सर्वांसमक्ष ‘बरीच सुटलीस की’ असे म्हणणाऱ्या मावशींचे काय करावे, हा प्रश्न मात्र आमच्या पत्रकाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

पहिल्या भेटीला येताना

पहिल्या भेटीस पाऊण तास लागतो, म्हणून वेळ ठरवून यावे. येताना गेल्या सहा महिन्यांतील पाळीच्या तारखा आणाव्यात. भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा केल्या असतील, तर ती पाने तशीच फाडून आणली तरी चालतील. सोबत जुने अहवाल, चालू औषधांची पाकिटे आणि तीन दिवसांची जेवणाची वही असावी, ज्यांपैकी एक दिवस रविवार असावा. वहीत चहा लिहायला विसरू नये, आणि घरातला चहाचा चमचा पिशवीत टाकून आणावा.