जनआरोग्य योजनेत खासगी रुग्णालय आणायचंय? आधी कागद जुळवा

महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही योजना महाराष्ट्रात एकत्रच चालतात. त्यामुळे अंगीकृत व्हायचं, म्हणजे योजनेत सामील व्हायचं असेल तर खासगी रुग्णालयाचा करार होतो तो या योजना राबवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीशी.

केंद्राच्या निकषांनुसार किमान १० खाटा लागतात. डोळे किंवा कान-नाक-घसा अशा एकाच विषयाच्या रुग्णालयांना यात सूट मिळू शकते. राज्याला निकष बदलता येतात, म्हणून सोसायटीचे चालू नियम आधी पाहून घ्या. चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका हव्यातच. रक्तपेढी, प्रयोगशाळा, रुग्णवाहिका स्वतःची नसेल तर लेखी करार दाखवता येतो.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्याआधी हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीतला, म्हणजे आरोग्य संस्थांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांक काढून ठेवा. सोबत नर्सिंग होम नोंदणी, पॅन, रद्द केलेला धनादेश, अग्निशमनचा दाखला, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, डॉक्टरांची मेडिकल कौन्सिलची नोंदणी. सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटीचं, म्हणजे गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालचं प्रमाणपत्रही.

अर्ज अडतो तो बहुधा कागद नसल्यामुळे नव्हे, तर कागद एकमेकांशी जुळत नसल्यामुळे. नोंदणी १५ खाटांची आणि वॉर्डात मांडलेल्या २०. पॅन रुग्णालयाच्या नावाचं, तर बँक खातं डॉक्टरांच्या. अग्निशमनचा दाखला मार्चमध्येच संपलेला. जिल्हा समिती प्रत्यक्ष पाहणीला येते तेव्हा खाटा मोजते, हजेरीपट बघते. वॉर्डात दर खाटेमागे ८० चौरस फूट जागा हवी. घाईघाईत आणून टाकलेली जादा खाट तिथेच पकडली जाते. समितीच्या अहवालावर राज्यस्तरीय समिती निर्णय घेते. अर्ज फेटाळला तर कारण बघा, त्रुटी दूर करा आणि पुन्हा भरा.

करारावर सही करण्याआधी हिशेबनीस शेजारी बसवाच. पैसे ठरलेल्या पॅकेजप्रमाणेच, म्हणजे त्या उपचाराच्या ठरलेल्या एकत्रित दरानेच मिळतात, आणि पॅकेजमधल्या उपचारासाठी रुग्णाकडून वर एक रुपयाही घेता येत नाही. एनएबीएचचं, म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं पूर्ण मानांकन असेल तर केंद्राच्या नियमांत पॅकेजवर १५ टक्के, प्राथमिक पातळीचं असेल तर १० टक्के जादा आहेत. दाव्याची रक्कम येईपर्यंत औषधं आणि पगार खिशातूनच भागवावे लागतात. लहान रुग्णालयं दमतात ती इथेच. मंजुरीनंतर दर्शनी भागात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला टेबल द्यावं लागतं. जिन्याखालच्या कोपऱ्यात नको, रुग्णाला दारातून दिसेल असं.