गुडघा बदलताना नस आणि धमनी: एका दुर्मीळ धोक्याची पार्श्वभूमी

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं की भूल उतरताना पेशंटला पाऊल वर उचलायला सांगतात आणि पावलाची नाडी चाचपतात. या दोन तपासण्या मिनिटभराच्या आहेत, पण त्या आल्या अनुभवातून.

आजच्या कृत्रिम गुडघ्याचा मूळ नमुना, ‘टोटल कॉन्डायलर’, १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत बसवला जाऊ लागला. तो घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्याबरोबर डॉ. चित्तरंजन राणावत होते. पुढे २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा बदलणारे तेच. न्यूयॉर्कच्या त्या हॉस्पिटलने १९८२ मध्ये स्वतःचा हिशेब मांडला: २,६२६ गुडघ्यांपैकी २३ मध्ये पेरोनिअल नसेला इजा झाली होती. आपल्याच पेशंटांचं नुकसान असं मोजून छापणं मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकनेही १९९० मध्ये ८,९९८ पैकी २६ असा आकडा दिला.

बोलताना आपण नस आणि शीर यांची सरमिसळ करतो. इथे नस म्हणजे मज्जातंतू. पेरोनिअल नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारच्या बारीक हाडाला वळसा घालून कातडीखालून जाते. वर्षानुवर्षं बाहेर वळलेला किंवा आखडलेला पाय एकदम सरळ केला की ती ताणली जाते. घट्ट बँडेजनेही दबते. मग पाऊल लोंबतं, चालताना बोटं जमिनीला घासतात. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे बँडेज सैल करायचं आणि गुडघा थोडा वाकवून ठेवायचा. अनेकांची नस पुढे काही महिन्यांत सावरते. पूर्ण लुळं पडलेलं पाऊल मात्र नेहमीच पूर्ववत होत नाही.

धमनीची इजा याहून विरळ. मेयोच्याच १९८७ च्या नोंदीत ९,०२२ मध्ये ती फक्त ३ वेळा आढळली. पण इथे थांबायला वेळ नसतो. पॉप्लिटिअल धमनी सांध्याच्या अगदी मागून जाते. तिला करवतीची इजा होऊ शकते. रक्तस्राव रोखायला मांडीला आवळलेल्या पट्ट्यामुळे, म्हणजे टुर्निकेटमुळे, कडक झालेल्या धमनीतला थर तडकून आत गुठळीही होऊ शकते. म्हणून आधीच नाडी क्षीण असेल, एक्स-रेत धमनीवर चुना दिसत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं मत घेतात आणि अनेकदा टुर्निकेट टाळतात. रक्त अडलेला स्नायू साधारण सहा तासच तग धरतो. एपिड्युरल, म्हणजे पाठीतल्या नळीतून दिलं जाणारं बधिरीकरणाचं औषध, चालू असेल तर पेशंटला दुखत नाही, त्यामुळे तो सांगणार तरी काय? म्हणून पहिल्या रात्री नर्स पुन्हा पुन्हा येऊन पाऊल गार पडलंय का ते हाताने बघते.