ऑस्करची भूक आणि म्बुनाची हद्द

घरच्या टाकीत पाळल्या जाणाऱ्या ऑस्कर आणि म्बुना या दोन्ही माशांना आपल्याकडे ‘आक्रमक सिक्लिड’ (सिक्लिड हे माशांचे एक मोठे कुळ) म्हटले जाते, आणि मग त्यांच्यासोबत कोणते मासे ठेवावेत या प्रश्नालाही एकच ठरलेले उत्तर मिळते: बरोबरीच्या आकाराचे ठेवा आणि संख्येने कमी ठेवा. ऑस्करच्या बाबतीत हे बव्हंशी खरे आहे. म्बुनाच्या बाबतीत मात्र याच सल्ल्याने मासे मरतात, आणि तरीही नवशिक्याला तो पुन्हा पुन्हा दिला जातो.

ऑस्कर बहुतेकांच्या परिचयाचा आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा 30 सेंटीमीटरच्या आसपास वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. त्याच्या टाकीतले चिमुकले निऑन टेट्रा मासे नाहीसे होतात ते वैरामुळे नव्हे, भुकेमुळे. म्हणूनच उंच, चपट्या अंगाचे पूर्ण वाढलेले सिल्व्हर डॉलर मासे त्याच्यासोबत सहसा सुरक्षित राहतात.

म्बुनाचा प्रश्न तोंडाच्या मापाचा नाहीच. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यालगत राहणारे हे मासे बहुधा बोटभर लांबीचे असतात आणि खडकांवरचे शेवाळ खरवडून खातात. म्बुना हा तिथल्या टोंगा भाषेतला शब्दही खडकातल्या माशांसाठीच आहे. नर खडकांमधली एखादी जागा धरतो, मादीला तिथेच बोलावतो आणि इतर नरांना तिथून हाकलतो. तो ज्याच्यावर धावून जातो ते त्याचे भक्ष्य नसते, तो प्रतिस्पर्धी असतो, आणि हा प्रतिस्पर्धी तो मुख्यतः रंगावरून आणि पट्ट्यांवरून ओळखतो. निळ्या अंगावर काळे उभे पट्टे असलेल्या डेमासोनी या म्बुनासोबत तशाच पट्ट्यांचा ब्लू झेब्रा हा दुसरा म्बुना ठेवला, तर आकार जुळूनही किंवा न जुळूनही भांडण ठरलेलेच आहे. पिवळ्याधमक येलो लॅब या म्बुनाकडे मात्र तोच डेमासोनी बरेचदा दुर्लक्ष करतो. सोबती निवडताना फूटपट्टी बाजूला ठेवून आधी रंग पाहावा, असे मी म्हणतो ते यासाठी.

‘एक नर, एक मादी’ अशी जोडी विकत आणण्याची पद्धत तर मला अजिबात मान्य नाही. म्बुना जोडी बांधून राहत नाहीत. मादी अंडी तोंडात घेते आणि सुमारे 3 आठवडे जवळजवळ काही न खाता ती उबवते. त्या काळातही नर तिचा पाठलाग सोडत नाही, आणि टाकीत दुसरी मादी नसेल तर सगळा मारा तिच्या एकटीवर होतो. एका नरामागे किमान तीन-चार माद्या हव्यातच.

संख्येचेही असेच उलटे आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे साधारण 250 लिटरच्या टाकीत चारच म्बुना सोडले, तर सर्वांत दांडगा नर अख्खी टाकी बळकावतो आणि उरलेले फाटक्या परांनी पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात उभे राहतात. त्याच टाकीत 15 ते 20 असले, की पाठलाग विखुरला जातो आणि कोणा एकावर सतत मार बसत नाही. अर्थात एवढ्या माशांसाठी दमदार फिल्टर लागतो आणि दर आठवड्याला निदान एक तृतीयांश पाणी बदलावे लागते. पिल्ले शक्यतो एकाच वेळी सोडावीत. नंतर भर घालायची झाल्यास आधी दगडांची मांडणी मोडून नव्याने करावी, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातात. ऑस्करची अशी गर्दी करणे मात्र शुद्ध क्रौर्य आहे.

ऑस्कर आणि म्बुना एकत्र ठेवू नयेत, हे वेगळे सांगायला नको. म्बुनाला क्षारयुक्त जड पाणी लागते, ऑस्करला मऊ पाणी मानवते. शिवाय ऑस्करचे मांसाहारी खाद्य सतत खाऊन म्बुनाचे पोट फुगण्याचा धोका असतो.

नवशिक्याने येलो लॅब, रस्टी आणि येलोटेल असेई या तीन सौम्य, एकमेकांपासून सहज वेगळ्या दिसणाऱ्या जाती घ्याव्यात. ऑराटस हा म्बुना घेऊ नये. दुकानात त्याची पिवळी, काळ्या पट्ट्यांची पिल्ले फार गोजिरी दिसतात. पण नर वयात येताना काळपट होत जातो आणि बाकीच्यांना टाकीत जगणे अशक्य करून सोडतो. आणि टाकी दोन फुटांचीच असेल, तर ऑस्करही नको आणि म्बुनाही नको.