तीन मायनर म्हणजे एक मेजर? असा हिशेब नसतो

ऑडिट जवळ आलं की शॉप फ्लोअरवर हमखास ऐकू येतं: तीन मायनर (किरकोळ) एनसी, म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी किंवा निकष न पाळल्याच्या त्रुटी, निघाल्या की एक मेजर (गंभीर). आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकात ही वर्गवारीच नाही. ती सर्टिफिकेशन संस्थांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२१-१:२०१५ मध्ये आहे आणि तिथेही आकडा दिलेला नाही. प्रश्न एकच: व्यवस्थेच्या अपेक्षित निकाल देण्याच्या क्षमतेवर परिणाम होतोय का?

एका व्हर्नियरच्या (मोजमापाच्या साधनाच्या) कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासणीची, तारीख उलटून गेलीय, तपासल्यावर रीडिंग मर्यादेत आलं: मायनर. तीन विभागांत तीच बोंब आणि कॅलिब्रेशनची यादीच कोणी पाहत नाही: मेजर होऊ शकते. एक कॅलिब्रेशनची, एक ट्रेनिंग रेकॉर्डची, एक जुन्या ड्रॉइंगची, अशा सुट्या तीन मात्र निव्वळ बेरजेने मेजर होत नाहीत. उलट, चुकीच्या गेजने पास झालेला माल ग्राहकाकडे गेला, तर एकच पुरते.