गणित नक्की कुणाला लागत नाही? कॉन्झर्व्हेटरी आणि विद्यापीठातलं म्युझिक स्कूल

"व्हायोलिनलाच जाणारे ना, मग अकरावीत गणित कशाला?" अमेरिकेत हायस्कूलला मुलं असलेल्या पालकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली मी उत्तराऐवजी उलट विचारते: अर्ज कुठे करणार? कर्टिसला की यूसीएलएला?

कर्टिस, ज्युलियार्ड या कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीतासारख्या कलांचंच शिक्षण देणाऱ्या स्वतंत्र संस्था. तिथे आधी रेकॉर्डिंगची चाळणी, मग ऑडिशन, आणि सगळी भिस्त त्या काही मिनिटांच्या वाजवण्यावर. घोळ होतो तो यूसीएलएचं हर्ब अल्पर्ट, यूएससीचं (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचं) थॉर्न्टन, इंडियानाचं जेकब्स यांनाही सरसकट 'कॉन्झर्व्हेटरी' म्हटल्यामुळे. तालीम तिथेही कडकच असते, म्हणून एरवी नाव चुकलं तरी बिघडत नाही. पण ही विद्यापीठातली म्युझिक स्कूल्स आहेत. वाजवणं प्राध्यापकांना आवडलं तरी शाळेतले विषय आणि ग्रेड विद्यापीठ स्वतंत्रपणे तपासतं.

कॅलिफोर्नियातला एक ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे हायस्कूलच्या विषयांचा आणि ग्रेडचा उतारा, डोळ्यांसमोर आणा. नववीत अल्जेब्रा वन, दहावीत जॉमेट्री, दोन्हीत 'ए'. अकरावीत गणिताच्या जागी ऑर्केस्ट्राचा जादा तास. राज्याच्या किमान नियमाप्रमाणे डिप्लोमासाठी गणिताची 2 वर्षं पुरतात (बरेच स्कूल डिस्ट्रिक्ट जास्त मागतात, तेही बघा), त्यामुळे शाळेच्या कागदावर 'पूर्ण' अशी खूण येते. पालक निर्धास्त. पण ती खूण ग्रॅज्युएट होण्यापुरतीच असते. यूसीला, म्हणजे यूसीएलए ज्याचा भाग आहे त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाला, अर्ज करायचा तर 'ए टू जी' ही सक्तीच्या शालेय विषयांची यादी लागू होते आणि तीत गणिताची किमान 3 वर्षं हवीत: अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रत्येकात 'सी' किंवा वर. चौथ्या वर्षाची नुसती शिफारस आहे. यूएससीलाही 3 वर्षं आणि अल्जेब्रा टू लागतं. म्हणजे एकाच मुलाचं गणित एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर एका वर्षाने अपुरं. हे सहसा बारावीत, अर्ज भरताना लक्षात येतं.

स्वतंत्र कॉन्झर्व्हेटरीची गोष्ट वेगळी, पण 'गणित लागत नाही' हे तिथेही अर्धंच खरं. ज्युलियार्डलाही हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र लागतं. डिप्लोमात किती गणित हवं ते राज्य आणि शाळा ठरवतात, ज्युलियार्ड नव्हे. शाळा सोडून दिवसभर रियाज आणि नंतर जीईडी (डिप्लोमाच्या तोडीची परीक्षा), हा बेत असेल तर त्या 4 पेपरांतला एक गणिताचाच आहे.

ओबर्लिनमध्ये कॉन्झर्व्हेटरी आणि कॉलेज एकाच आवारात आहेत. 5 वर्षांची डबल डिग्री हवी असेल तर दोन्हीकडे वेगवेगळा प्रवेश मिळवावा लागतो. बीएम (बॅचलर ऑफ म्युझिक) की बीए, यावर लोक तासन् तास वाद घालतात. बीएममध्ये संगीत जास्त, बीएमध्ये इतर विषय जास्त. झालं.

आणि कृपा करून 'संगीत म्हणजे गणितच की' हे ऐकवू नका. पाचावर तीन मात्रा बिनचूक बसवणाऱ्या मुलालाही त्याबद्दल अल्जेब्रा टूचं क्रेडिट कुणी देत नाही. दुसऱ्या टोकाचे पालकही तितकेच वैताग आणतात: चेलोच्या डिग्रीसाठी पोराला एपी कॅल्क्युलसला (हायस्कूलमधल्या कॉलेज-पातळीच्या गणिताला) जुंपणारे. मुलाला आवडत असेल तर खुशाल करू दे, नाहीतर तो वेळ रियाजाचा.

माझं ठाम मत: कुठे जायचं ते ठरलेलं असो वा नसो, अल्जेब्रा टू अकरावीअखेर उरकून टाका. बारावीचं पहिलं सत्र रेकॉर्डिंगमध्ये जातं आणि हिवाळा ऑडिशनच्या प्रवासात. राहिलंच असेल तर उन्हाळ्यात ऑनलाइन करता येतं, पण यूसीचा विचार असेल तर पैसे भरण्याआधी त्या कोर्सला 'ए टू जी'ची मान्यता आहे का, ते तपासा.