पेनिश किल्ला

पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर, लिस्बनच्या उत्तरेस अटलांटिकमध्ये घुसलेल्या भूशिरावरचा सागरी किल्ला. सोळाव्या शतकात लष्करी ठाणे म्हणून उभा राहिलेला हा किल्ला विसाव्या शतकात राजकीय कैद्यांचा तुरुंग झाला. आज तेथे राष्ट्रीय प्रतिकार व स्वातंत्र्य संग्रहालय आहे. जुन्या लष्करी वास्तूला नवे काम देताना तिच्या इतिहासातला कोणता थर जपायचा, या वादासाठी पेनिशचे उदाहरण अभ्यासण्याजोगे ठरते.

बांधकाम १५५७ च्या सुमारास, राजा तिसरा जॉन याच्या कारकिर्दीत सुरू झाले. समुद्राकडचा गोल बुरूज सर्वांत जुना. १५८९ मध्ये इंग्रज फौज येथे उतरली व तिने किल्ला घेतला. १६४० मध्ये पोर्तुगालने स्पेनचे जोखड झुगारल्यावर तटबंदी वाढवण्यात आली. एकोणिसाव्या शतकात लष्करी महत्त्व ओसरले, आणि विसाव्याच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतील युद्धामुळे परागंदा झालेल्या डच वंशाच्या बोअर लोकांना येथे ठेवण्यात आले. १९३८ मध्ये किल्ल्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. गंमत अशी, की तोवर त्याचा तुरुंग होऊन चार वर्षे झाली होती.

हुकूमशहा सालाझारने उभारलेल्या राजवटीत १९३४ ते १९७४ अशी चाळीस वर्षे येथे राजकीय कैदी होते. १९५० च्या दशकात तटाच्या आत काँक्रीटच्या नव्या कोठडी-इमारती उभारण्याचे काम सुरू झाले. जुना गोल बुरूज एकांतवासाच्या शिक्षेसाठी वापरत. डिसेंबर १९५४ मध्ये आंतोनियु दियास लोरेन्सु या कैद्याने तिथूनच समुद्रात उडी घेऊन सुटका करून घेतली. ३ जानेवारी १९६० रोजी कम्युनिस्ट पुढारी आल्वारु कुन्याल व त्यांचे नऊ साथीदार एका पहारेकऱ्याच्या मदतीने निसटले. चादरींच्या दोराने ते तट उतरले. या पलायनाने राजवटीची फार नाचक्की झाली.

गोव्याच्या मुक्तिलढ्याशीही या तटांचे नाते आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांची सभा झाली, आणि पुढच्या महिन्यात गोमंतकीय पुढारी त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना अटक झाली. त्यांना गोव्यातील आग्वाद किल्ल्यात ठेवले, लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पेनिशला धाडले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे हेही या किल्ल्यातले कैदी. समुद्राची गाज इथेही होतीच, पण घरापासून हजारो मैलांवर.

एप्रिल १९७४ मधील क्रांतीनंतर कैदी सुटले. पुढे आफ्रिकेतील वसाहती सोडून आलेल्या कुटुंबांना या इमारतींत आसरा मिळाला. १९८४ मध्ये काही भागात नगरपालिकेचे संग्रहालय सुरू झाले. खरी ठिणगी २०१६ मध्ये पडली. ऐतिहासिक वास्तू खासगी गुंतवणुकीतून पर्यटनासाठी वापरण्याच्या सरकारी योजनेत पेनिशचे नाव आले, म्हणजे तुरुंगाच्या जागी हॉटेल होण्याची शक्यता निर्माण झाली. माजी कैदी व त्यांच्या कुटुंबीयांनी कडाडून विरोध केला. सरकारने माघार घेतली आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाचा निर्णय केला. पहिला भाग २५ एप्रिल २०१९ रोजी उघडला. त्यात अडीच हजारांवर कैद्यांची नावे कोरलेले स्मारक आहे. संपूर्ण संग्रहालय २७ एप्रिल २०२४ रोजी, कैद्यांच्या सुटकेला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, खुले झाले.

संवर्धनाच्या रूढ दृष्टीने पाहिले, तर सोळाव्या शतकातील तटात ओतलेल्या काँक्रीटच्या इमारती हे अतिक्रमणच. किल्ल्याचे ‘मूळ रूप’ परत आणायचे असते, तर त्या सर्वांत आधी पाडल्या गेल्या असत्या. पेनिशमध्ये त्याच मुख्य दालन ठरल्या. कोठड्या आणि मुलाखतीची खोली राखली आहे. कैदी व नातेवाईक यांच्यामध्ये तेथे काच असे आणि पहारेकरी बोलणे ऐकत उभा राहत असे. तोफा आणि बुरूज येथे पार्श्वभूमीला जातात. लष्करी स्थापत्याच्या अभ्यासकाला ते खटकेलही, पण सुंदर तटांचे किल्ले युरोपात पुष्कळ आहेत. अशा कोठड्या जपलेले फार थोडे.

गोव्यात आग्वादने हाच मार्ग धरला. तेथील मध्यवर्ती कारागृह २०१५ मध्ये कोलवाळला हलले, आणि डागडुजीनंतर १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवा मुक्तीला साठ वर्षे झाली तेव्हा, त्याचे संग्रहालय झाले. मांडवीच्या मुखावरील रेइश मागुश किल्लाही १९९३ पर्यंत तुरुंग होता. २०१२ मध्ये तो लोकांसाठी उघडला, तेव्हा तेथे स्वातंत्र्यसैनिकांच्या दालनाबरोबर व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या चित्रांनाही जागा मिळाली.